लाठीच्या फेरातली उडी

पुढं लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझ्या पाटीतल्या सगळ्या बांगड्या माझ्याच हातात भरा आणि भर बाजारातून फिरवा! आता, अक्षर न् अक्षर म्हणजे अगदी तसंच नव्हे. काही ठिकाणी मी हजर नव्हतो. जिथं हजर होतो तिथंही बऱ्याचदा माझे डोळे मिटलेले होते. लाठी डोक्याकडे यायला लागली की मिटतात ते, त्याला माझा इलाज नाही.

तालमीतले किस्से तांबड्या मातीसारखे असतात. रोज अंघोळीत धुऊन काढा, संध्याकाळी कानामागं थोडे सापडतातच. जव्हारच्या आमच्या तालमीत मी इतकी वर्षं काढली, की आज नुसती मान हलवली तरी चार पडतील.

तालीम म्हणजे संस्थानच्या पागेमागची एक लांबट खोली. पूर्वी तिथं घोड्यांचं गवत साठवत. आमचे वस्ताद कासीमचाचा, धंदा खोगीर शिवण्याचा. दिवसभर चामडं शिवायचे आणि संध्याकाळी आम्हाला उसवायचे.

शिकवायचे ते एकच, लाठीचा फेर. समोर कुणी नसताना, ठरलेल्या क्रमानं, ठरलेली पावलं टाकत वार करायचे आणि न आलेले वार अडवायचे. सुरुवातीला सलामी. मधे घसरती पावलं, वार, अडव, पुन्हा वार. शेवटी एक सणसणीत वार डोक्यावर, आणि त्यानंतर चक्क शत्रूकडं पाठ फिरवून डावीकडं टुणकन एक उडी! संपला फेर.

"वस्ताद, ही उडी कशासाठी?" असं नव्यानं आलेला प्रत्येक जण विचारायचा.

"पहले हात बसू दे. मतलब नंतर बसेल," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

माझा हात काही बसला नाही. मी मात्र पुष्कळदा बसलो, कधी कधी आडवाही झालो.

* * *

मग पागेवर एक नवे अंमलदार आले. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण घोड्याच्या शेपटीचासुद्धा उपयोग विचारणारा. त्यांच्याबरोबर नाशकाहून एक ड्रिलमास्तर आलेला, पायात बूट, गळ्यात शिट्टी. शाळेच्या मुलांना ड्रिल शिकवायला त्याला छप्पर हवं होतं.

होळी झाल्यावर एका दुपारी दोघं तालमीच्या दारात उभे राहिले. वस्तादांनी सगळा फेर करून दाखवला. रावसाहेबांनी शेवटपर्यंत पाहिला, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "शत्रूला पाठ? आणि वर उडी? वस्ताद, हे युद्ध आहे की वरातीतला नाच?"

वस्तादांनी लाठी भिंतीला टेकवली.

"दसऱ्याला महाराजांपुढं हा फेर करा. समोर माणूस उभा करून प्रत्येक हाताचा उपयोग दाखवा. दाखवलात तर खोली तुमची. नाहीतर दसऱ्यानंतर इथं ड्रिल."

जव्हारात चार महिने पाऊस कोसळतो. लाठी फिरेल एवढं लांब-उंच छप्पर दुसरीकडं कुठं? खोली गेली की तालीम जाणार, आणि तालीम गेली की फेर. वस्तादांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यामागं राहणार होता तो हा फेरच.

त्या संध्याकाळी त्यांनी एकट्यानं फेर केला. शेवटच्या उडीपाशी थांबले आणि जागेवरच उभे राहिले. आम्ही दारातून बघत होतो. उडी मारलीच नाही.

* * *

उपयोग शोधायला पहिले सरसावले ते शाळेतले अण्णा मास्तर. तालमीत ते दंड काढायला यायचे. म्हणजे यायचे, दंड काढायचे राहायचे.

"सोपं आहे," अण्णा म्हणाले. "सलामी म्हणजे शरणागती. घसरती पावलं म्हणजे संसार. पाठ फिरवणं म्हणजे वैराग्य, आणि उडी म्हणजे भवसागरापलीकडं!"

आम्ही माना डोलावल्या. वस्तादांनी शांतपणे विचारलं, "आणि लाठी?"

"लाठी म्हणजे अहंकार!"

वस्तादांनी लाठीचं टोक अण्णांच्या नडगीवर हलकेच टेकवलं. हलकेच म्हणजे त्यांच्या मानानं. अण्णा एका पायावर खोलीभर नाचले.

"काय अण्णा," वस्ताद म्हणाले, "जास्त लागला का अहंकार?"

* * *

उपयोग म्हणाल तर फेराचा उपयोग मी स्वतः करून पाहिलेला होता!

मोखाड्याच्या बाजाराहून परतत होतो. डोक्यावर बांगड्यांची पाटी, हातात लाठी. पोशेऱ्याच्या अलीकडं एका वळणावर कारवीच्या झुडपांतून तीन दांडगे पुढं आले.

"पाटी ठेव खाली!"

ठेवली. लाठी सरसावली. आणि घोटाळा लक्षात आला. मला फेर मधूनच सुरू करता येईना! डोक्यावरचा वार कुठं, तर पार शेवटी. तिथं पोचायचं तर सुरुवातीपासून जायला हवं. पाढ्यातलं मधलंच कुणी विचारलं, तर तुम्हीही मनातल्या मनात पहिल्यापासूनच म्हणता ना?

मग काय करणार! मी सलामी दिली. त्यातल्या एकानं गोंधळून उलट हात जोडले. मी पावलं घसरवली, हवेतले वार अडवले, डोळे मिटून गर्रकन फिरलो.

"काय करतो रं ह्यो?" एक जण कुजबुजला.

"गप! अंगात आलंय त्याच्या."

मी पाठ फिरवून शेवटची उडी मारली आणि डोळे उघडले, तर तिघंही रस्त्यात गुडघे टेकून बसलेले! सगळ्यात दांडगा हात जोडून म्हणाला, "देवा, माझी गाय हरवली. कुणीकडं गेली तेवढं सांग."

मला धाप लागलेली. जे तोंडात आलं ते बोललो, "दाभोसा!"

पुढच्या बाजारात तोच माणूस मला शोधत आला. मी पाटी टाकून पळणार, तर त्यानं पायाशी नारळ ठेवला. गाय सापडली होती. दाभोशालाच!

वस्तादांना हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"उडी मारलीस?"

"मारली वस्ताद."

"कोणीकडं?"

"उजवीकडं."

"डावीकडं शिकवली होती!" म्हणाले आणि पोटरीवर एक लाठी बसली. "गाय सापडली म्हणून एकीवर सोडतो."

* * *

चैत्रात मोखाड्याला बोहाडा होता. देवादिकांचे मोठमोठे मुखवटे चढवून गावकरी संबळाच्या तालावर नाचत येतात, आणि शेवटच्या दिवशी सूर्य उगवता उगवता देवी राक्षसाला मारते. मुखवटे घराण्याघराण्याकडं वाटलेले असतात. देवीचा मुखवटा होता आमच्या जान्याच्या मामाकडं.

हा जान्या पोशेऱ्याचा, नाचणी-भाताची शेती करणारा. वस्तादांचा सगळ्यात तयार शागीर्द. त्या वर्षी राक्षसाचा मुखवटा घेणाऱ्याला ताप भरला, तेव्हा मामानं भाच्याला उभं केलं. वस्ताद, अण्णा आणि मी मुद्दाम बघायला गेलो.

फटफटलं. संबळ घुमायला लागला. देवी तलवार परजत आली आणि राक्षसाच्या डोक्यावर तलवार हाणली. राक्षसानं आता मरायचं. शेकडो वर्षं तो असाच मरत आलाय.

खाट! जान्यानं आपल्या तलवारीनं वार अडवला!

लोक चपापले. देवीनं पुन्हा वार केला. खाट! पुन्हा अडवला. खांद्यावर केला, अडवला. कमरेवर केला, बसून अडवला. संबळवाला एव्हाना घामानं न्हालेला. बायाबापड्या हवालदिल. सूर्य डोंगराआड येऊन ठेपलेला आणि राक्षस काही मरेना!

मुखवट्याआडून मामा गुरगुरला, "आरं मर ना भाड्या! माझं डोस्कं शिजलं आत!"

"मामा, मी काय करू तं?" राक्षस रडकुंडीला आलेला. "मनात हाय मराचं. तू मारलंस का हात आपसूक वर जातो!"

"खाली ठेव हात!"

"ठेवतो, पन राहत नाय!"

पुजारी पुढं आला, मागं गेला. तेवढ्यात गर्दीतून वस्ताद खणखणीत आवाजात ओरडले, "जान्याऽऽ! सलामी!"

झालं! जान्यानं तलवार खाली टेकवली, डावा हात छातीवर घेतला आणि मान लववली. देवीनं संधी साधली. राक्षस आडवा झाला, संबळ कडाडला, सूर्य उगवला. एक म्हातारी वस्तादांच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडून गेली.

परतताना वस्ताद हवेत हात वर-खाली करत चालले होते. मग म्हणाले, "अडव खरी निघाली, कासार. आणि तिला थांबवायला सलामी पण खरी निघाली." मग जरा थांबून, "राहिली उडी."

* * *

उडीसाठी वैशाखात आम्ही सूर्यमाळला गेलो. तिथल्या एका पाड्यावर वस्तादांच्या वस्तादांचे जुने सोबती राहायचे. दोघं एकत्र लाठी शिकलेले. म्हातारबाबा दारात उघड्या अंगानं बसून होते. आमच्याकडं पाहिलं आणि पुढ्यात दोन हंडे सरकवले.

"आधी पानी आना."

सूर्यमाळचं वैशाखातलं पाणी म्हणजे डोंगर उतरून खाली झऱ्यावर जायचं, वाटी वाटीनं भरायचं आणि पुन्हा डोंगर चढायचा. जीव अर्धा झाला. हंडे ठेवले.

"बाबा," वस्ताद म्हणाले, "फेराच्या शेवटी पाठ फिरवतो, ती कशाला?"

"मारून झालं. आता पुरं, म्हनून. समोरच्याला बी तेच सांगाचं."

"आणि उडी?"

"उडी पयली नव्हती. नुसती पाठ होती."

"मग घातली कुणी?"

"ज्याला गरज लागली त्यानं," म्हातारबाबा म्हणाले आणि हात मागं नेऊन पाठ खाजवायला लागले.

वस्ताद त्यांच्याकडं बघतच राहिले. मग एकाएकी हसायला लागले. म्हातारबाबाही हसायला लागले. दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मी त्या दोघांकडं बघत बसलो. खाली उतरेपर्यंत मी हजारदा विचारलं. वस्ताद नुसते मधेच थांबून पुन्हा हसायचे.

* * *

आषाढ लागला आणि ड्रिलमास्तरची पाळी आली.

त्याच्याशी आमचं वैर नव्हतं. वस्तादांनी एकदा त्याला सहज विचारलंही होतं, "मास्तर, तुमच्या ड्रिलमध्ये पाय इतका वर का उचलतात?"

मास्तर विचारात पडला. "सगळ्यांचे पाय एकदम खाली यावेत म्हणून."

"पण ते खालीच होते ना?"

मास्तरनं त्यानंतर दोन दिवस शिट्टी वाजवली नाही असं म्हणतात. मी हजर नव्हतो.

तर आषाढात पावसानं पागेचं अंगण लोण्यासारखं झालेलं. मास्तर मुलांना घेऊन बाहेर पडला. "लेफ्ट! राइट!" मुलं राहिली बाजूला, तिसऱ्याच राइटला मास्तरचे दोन्ही बूट आकाशाकडं गेले. उठला, पुन्हा गेला. मी धरायला धावलो, तर मीही त्याच्या शेजारी!

तेवढ्यात वस्ताद खोलीतून बाहेर आले. खांद्यावर नवं खोगीर. पागेच्या दारापर्यंत सरळ गेले, त्याच चिखलातून. गुडघे जरासे वाकवलेले, पाय न उचलता, टाच जमिनीला घासत. घसरती पावलं! फेरातली!

मी चिखलात बसल्या बसल्या ओरडलो, "वस्ताद! हे पाऊल पावसासाठी आहे!"

"मला वाटलं होतं तुला ठाऊक आहे," वस्ताद म्हणाले. "इतकी वर्षं करतोयस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर तालमीच्या दारात आला. बूट हातात.

"ती पावलं शिकवाल का?"

"तुम्हाला ही खोली हवी आहे ना?" जान्यानं तिरकस विचारलं.

"खोली हवीय," मास्तर म्हणाला. "पण नोकरी पावसाळ्यातही करायचीय."

वस्तादांनी त्याला आत घेतलं.

* * *

दसरा उजाडला. दरबार भरला, सोनं वाटून झालं आणि पटांगणात आमचा पुकारा झाला. महाराज आसनावर, बाजूला मानकरी, पुढं रावसाहेब. सगळं जव्हार लोटलेलं.

वस्ताद मधे उभे राहिले. समोर वार करायला जान्या. सलामी झाली. वस्ताद एकेक हात करायचे, थांबायचे आणि त्याचा उपयोग सांगायचे. खांद्यावरचा वार असा अडतो. कमरेवरचा असा. भिस्तीनं मुद्दाम पाणी ओतून चिखल केला, त्यात ड्रिलमास्तर अनवाणी उतरला आणि घसरत्या पावलांनी जान्याच्या लाठीखालून अल्लद निघून गेला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मास्तर इतका खूश झाला, की खोली आपल्यालाच हवी होती हेच विसरला!

मग डोक्यावरचा वार. राहिली पाठ आणि उडी.

रावसाहेब पुढं आले. कोट काढून शिपायाकडं दिला. जान्याच्या हातची लाठी घेतली.

"हा उपयोग मी स्वतः बघतो," म्हणाले. "तुमच्या शागिर्दाला तुमची सवय आहे. मला नाही."

"जशी मर्जी," वस्ताद म्हणाले.

रावसाहेब जुन्या वळणाचे, हातात जोर चांगला. वस्तादांचा वार त्यांनी कसाबसा अडवला. लाठ्या खाटकन आदळल्या. आणि वस्तादांनी लाठी काखेत मारली, त्यांच्याकडं पाठ फिरवली आणि शांत उभे राहिले. पाठमोरे. पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. रावसाहेबांची लाठी वर उचललेली.

माझे डोळे मिटले. पण या वेळी मी ते बोटांनी धरून उघडले.

लाठी वरच राहिली. हळूहळू खाली आली.

"का थांबलात रावसाहेब?" वस्तादांनी मागं न बघताच विचारलं.

"अहो, पाठमोऱ्या माणसाला मारायचं कसं?"

"बस! हाच उपयोग."

पटांगणभर कुजबुज झाली. रावसाहेबांनी मान डोलावली. पण उपयोग विचारणारा माणूस तो, सोडतोय थोडाच!

"आणि मी मारलं असतं तर?"

वस्ताद वळले, हसले.

"म्हणून तर उडी आहे!"

महाराज मोठ्यानं हसले. मग सगळं पटांगण हसलं. रावसाहेबांनी लाठी दोन्ही हातांवर आडवी धरून वस्तादांना परत दिली. खोली तालमीकडं राहिली. ड्रिलमास्तर सकाळी तिथंच ड्रिल घेऊ लागला आणि संध्याकाळी आमच्याबरोबर लाठी.

आता तुम्ही विचारणार, यातलं खरं किती. गाय दाभोशालाच सापडली. राक्षस मरत नव्हता, मोखाड्याला कुणालाही विचारा. मास्तर चिखलात पडला तेव्हा मी शेजारी होतो. हे सगळं घडलं तसंच लिहिलंय. आपल्या पदरचं मी एवढंच घातलंय, की रावसाहेबांची लाठी वरच राहिली.